ठराव आणि राखणीची बंदूक

ज्वारीच्या कणसात दाणा भरू लागला की आमच्याकडच्या हवेला एक कोवळा, दुधाळ वास येतो. मलकापुरात तो खरे तर यायला नको. येथे आगगाडीचा धूर आहे, जिनिंग कारखान्यांतून उडणारे कापसाचे तंतू आहेत, सरकीच्या ढिगांचा तेलकट दर्प आहे. तरीही आश्विन सरत आला की एखाद्या सकाळी शेतातून येणाऱ्या गाडीच्या मागोमाग तो वास माझ्या ओसरीपर्यंत पोहोचतो आणि मी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवतो. लोक या दिवसांची वाट पाहतात. एके काळी मीही पाहत असे. अलीकडे मात्र हे दिवस आले की कोणीतरी नाव घेऊन हाक मारल्यासारखे वाटते, आणि ओ द्यायचा धीर होत नाही.

यंदा वर्तमानपत्रातही तोच विषय आहे. तोफा, बंदुका आणि दारूगोळा करून दोन्ही बाजूंना विकणाऱ्या कारखानदारांना सर्व राष्ट्रांनी मिळून आवरावे की नाही, आवरायचे तर कोणी आणि कोणत्या अधिकाराने, हा वाद युरोपात पुन्हा पेटला आहे. परदेशांत चौकश्या चालू आहेत. आमच्या वाचनालयाची तरुण मंडळी परवा घरी आली आणि या विषयावर मी बोलावे असा आग्रह करून गेली. तुमचा हा जुना विषय, असे त्यांतला एक जण मोठ्या आदराने म्हणाला. मी विचार करतो म्हणून सांगितले, आणि त्यानंतर दुसरा कसलाच विचार करू शकलो नाही.

संग्रामपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला माझ्या मावशीचे गाव आहे. लहानपणी दसऱ्याच्या सुटीत मी तेथे जात असे. गावाच्या उत्तरेला शेत संपते तेथे डोंगर सुरू होतो. मध्ये एक ओढा आणि थोडी पळसाची झुडपे, एवढेच काय ते अंतर. दिवसा पाखरे, सांजेपासून रानडुकरे. दिवसा गोफणीचा सटकारा ऐकू येई, बायकांचे हाकारे ऐकू येत. ऊन कलले की माळ्यामाळ्यावर पत्र्याचे डबे वाजू लागत. पिकात उंच उभारलेल्या त्या चार खांबांच्या माळ्यांवर राखणदार बसलेले असत आणि एका माळ्यावरून दुसऱ्यावर थट्टा चाले. कोणाच्या सासऱ्याची, कोणाच्या बैलाची. आणि मग केव्हातरी, ओढ्याच्या बाजूने, बंदुकीचा एकच बार होई. तो डोंगरावर आपटून परत येई. त्यानंतर काही वेळ डबे, माणसे, कुत्री सगळे गप्प असत. त्या शांततेइतकी निर्धास्त शांतता मी पुढे कोठे अनुभवली नाही.

बंदूक होती माझ्या मावसभावाची, तुळशीरामभाऊंची. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. बंदूक त्यांच्या वडिलांपासूनची, ठासणीची, गावच्याच लोहाराने घडवलेली, दस्त्याला तांब्याची तार गुंडाळलेली. परवान्यावर नाव एकाचेच असते आणि ती दुसऱ्याच्या हाती देणे हा गुन्हा, हे तेथे सर्वांना ठाऊक होते. पण डुकरे काही परवान्यावरचे नाव पाहून शेतात शिरत नाहीत. म्हणून गावाने एक रीत पाडली होती. ज्याच्या शेतात डुकरांचा माग दिसेल, त्याने दुपारी येऊन सांगावे. सांजेला तुळशीरामभाऊ आपली बंदूक घेऊन त्याच्या माळ्यावर जात आणि तो माणूस यांच्या माळ्यावर येऊन डबा वाजवीत बसे. बंदूक आपल्या धन्याला सोडून कधी गेली नाही. धनीच गावभर गेला. पहिला बार हवेतच करायचा. पिले घेऊन आलेल्या मादीवर नेम धरायचा नाही. शेजारच्या गावाशी बांधाचे भांडण चालू असले तर त्या दिवसांत बंदूक घराबाहेर काढायची नाही. हे नियम कोणी लिहिले नव्हते. मी ते भाकरीचा तुकडा मोडावा तितक्या सहजपणे पाहत आलो होतो. मोठा झालो, वकील झालो, मलकापुरात स्थिरावलो, आणि सहज पाहिलेल्या गोष्टी जशा विसरल्या जातात तसे ते विसरलो.

महायुद्ध संपून काही वर्षे झाली होती. राष्ट्रसंघाकडे जगातील सुशिक्षितांचे डोळे लागले होते. आमच्या वाचनालयात नागपूर-पुण्याची पत्रे शिळी होऊन येत, पण आम्ही ती ताज्या मनाने वाचत असू. जिनिव्हात शस्त्रांच्या व्यापारावर निर्बंध घालण्याची वाटाघाट चालली होती. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडी आम्ही एक वादविवाद ठरवला: शस्त्रांच्या क्रयविक्रयावर सर्व राष्ट्रांचे मिळून नियंत्रण असावे. अनुकूल बाजू माझ्याकडे होती. प्रतिकूल बाजू इंग्रजी शाळेत इतिहास शिकवणाऱ्या गोविंद मास्तरांनी मांडली. अध्यक्षस्थानी जिल्ह्यातील एक बडे अधिकारी होते. दौऱ्यावर असता ते आमच्या विनंतीस मान देऊन आले होते. त्यांना मराठी उत्तम समजे, याचा आम्हाला अभिमान वाटला.

मी त्या दिवशी चांगला बोललो. हे मी आत्मस्तुतीने लिहीत नाही. चांगले बोललो हाच तर माझ्या दुःखाचा विषय आहे. दोन्ही सैन्यांना माल पुरवून दोन्हीकडच्या विधवांवर श्रीमंत होणाऱ्या व्यापाऱ्यांचे मी वर्णन केले. आणि ओघात एक वाक्य माझ्या तोंडून गेले: "शस्त्र आपल्या हाती आहे तोवर ते सुरक्षित आहे, असे ज्याला वाटते त्याच्या हातातून ते प्रथम काढून घेतले पाहिजे." टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांचा आवाज मला आजही गोड लागतो, आणि तो गोड लागतो याची लाज वाटते.

गोविंद मास्तर हळू बोलले. त्यांचे म्हणणे असे होते की हे निर्बंध जे घालणार तेच शस्त्रे करणार आणि तेच विकणार. त्यांच्या नकाशावर शस्त्रे पोहोचू नयेत असे जे मुलूख दाखवले जातात ते त्यांच्याच ताब्यातले असतात. आपल्या देशात हत्यारांचा कायदा आहेच. त्याने तोफा कमी झाल्या का, की फक्त साध्या माणसांच्या हातची हत्यारे कुलपात गेली? पुढे ते म्हणाले, "नियम वरून खाली येतो तेव्हा तो वाटेत कोठेच थांबत नाही. थेट तळाशी जाऊन बसतो." लोकांना ते रुक्ष वाटले. मते घेतली, मास्तर हरले. ठराव लिहिला गेला. त्यात माझे वाक्य जसेच्या तसे घालावे, असे कोणीतरी सुचवले आणि मी संकोचाने मान हलवली, नकारार्थी नव्हे.

त्या ठरावाचे पुढे काय झाले असे कोणी विचारले तर मला नेमके उत्तर देता येते. जिनिव्हापर्यंत तो गेला नाही. नागपूरलाही कोणी त्याची पोच दिली नाही. तो अध्यक्षांच्या दप्तरातून बुलढाण्याला, जिल्ह्याच्या कचेरीत गेला.

दसऱ्याच्या आधी तुळशीरामभाऊ मलकापुरास आले. खांद्यावरचे उपरणे न काढता ओसरीवर बसले आणि खिशातून घडी केलेला सरकारी कागद काढून माझ्यापुढे केला. ठाणेदाराने वाचून दाखवला आहे, पण वकिलाच्या तोंडून ऐकावा म्हणून आणला आहे, असे म्हणाले. मी मोठ्याने वाचू लागलो. डोंगरपट्ट्यातील राखणीच्या परवान्यांचा फेरविचार करण्यात आला आहे. शस्त्रांची संख्या कमी असावी याला जिल्ह्यातील सुशिक्षित लोकमताचाही पाठिंबा आहे. सबब परवाना रद्द. बंदूक जमा करावी. त्या लोकमताचा दाखला म्हणून आमच्या वाचनालयाच्या सभेचा उल्लेख होता. कागद मी खाली ठेवला. भाऊंनी पाणी मागवले, ते माझ्यासाठी.

मी सर्व सांगितले. सभा, ठराव, ते वाक्य, त्या टाळ्या. जिनिव्हा कोठे आहे हेही सांगितले. ते शांतपणे ऐकत राहिले, मग हसले. खरोखर हसले.

"म्हंजे तुवा बार केला जिनिव्हावर, अन् लागला आमाले," ते म्हणाले. "नेम मोठा अजब हाये बे वकील तुहा."

मी अर्ज करतो म्हणालो, बुलढाण्याला जातो म्हणालो. ते म्हणाले, कर. मी अर्ज केला. सभेचे अध्यक्ष झालेल्या त्याच अधिकाऱ्यांना भेटलोही. ते अत्यंत सौजन्याने वागले. "आपल्या भाषणाने मी फार प्रभावित झालो," असे त्यांनी सांगितले. पण तत्त्व एकदा मान्य केल्यावर आपल्याच नातलगासाठी अपवाद मागणे आपल्यासारख्या माणसाला शोभेल काय, असे हलक्या आवाजात विचारले. त्या प्रश्नात उपहास असता तर मी उत्तर दिले असते. त्यात आदर होता, आणि त्या आदराला मी भुललो. गावची ती रीत, माणसांची ती अदलाबदल, हवेतला तो पहिला बार, यांतले काही म्हणजे काहीच मी बोललो नाही. जे नियंत्रण मी साऱ्या जगाकडे मागत होतो ते माझ्या मावशीच्या गावात माझ्या जन्माआधीपासून पाळले जात होते, आणि त्याची साक्ष देण्याच्या वेळी मी नमस्कार करून खोलीबाहेर पडलो.

दसऱ्याला भाऊंच्या घरी विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यांच्या रांगेत ती बंदूक मांडत, हळदकुंकू लावत, वर आपट्याची पाने ठेवत. त्या वर्षी वहिनींनी तिला नेहमीपेक्षा जास्त कुंकू लावले. दुसऱ्या दिवशी भाऊ ती घेऊन ठाण्यात गेले. मीही सोबत होतो. जमा करून घेणाऱ्या शिपायाने नळीवरचे कुंकू फडक्याने पुसायला घेतले, तेव्हा भाऊ म्हणाले, राहू द्या ना. शिपायाने फडके बाजूला ठेवले.

मग तो हंगाम आला. मी त्या हंगामात गावाला तीनदा गेलो असेन, पण मला तो एकच लांब, न सरणारा दिवस म्हणून आठवतो. ज्वारी डोक्यावर गेलेली. कणसे वाकलेली. वाऱ्याने पाने एकमेकांवर घासत आणि त्या सळसळीत माणूस आहे की जनावर, हे कळेना. डबे दुप्पट वाजत होते. डुकरांना ते दोन-चार दिवसांतच कळले असावे. डब्यांमागे आता काही नाही हे जनावरालाही कळते. सकाळी शेतात जावे तर धांडे मोडून पडलेले, कणसे चघळून टाकलेली, ओल्या मातीत खुरांची दाटी. हुरड्याला मला बोलावले होते. शेकोटीवर कणसे भाजली, हातावर चोळली, पाखडली, माझ्यापुढे ठेवली. दाणा हिरवागार आणि गोड होता. मी खात होतो आणि समोर मोडलेल्या पिकाच्या पलीकडे मला थेट डोंगर दिसत होता. पूर्वी त्या जागेवरून डोंगर दिसत नसे. मध्ये ज्वारी असे.

त्याच पंधरवड्यात, एका सांजेला, दुसऱ्याच्या शेतात डुकरे शिरली म्हणून ओरडा झाला आणि भाऊ जुन्या सवयीने तिकडे धावले. हातात काठी होती. नराने त्यांना बांधावर गाठले. मांडी गुडघ्यापर्यंत फाटली. चार जणांनी बाजेवर घालून आणले. जीव वाचला, पाय वाकला तो वाकलाच.

मी मोसंबी घेऊन गेलो होतो. काय न्यावे हे न कळून माणूस मोसंबी नेतो. भाऊ झोपले होते. वहिनी उंबऱ्यात बसून सूप पाखडीत होत्या. त्यांनी पदर सावरला, बसा म्हटले, चहा ठेवला. कप माझ्या हातात देताना माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "तुमच्या भाषनाले डुकरं आले नव्हते वाटते, भाऊजी."

मी नाही म्हणालो. दुसरे काय म्हणणार होतो?

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. या वर्षांत मी स्वतःला अनेकदा तपासले आहे. वकिलाला ती सवय असते. दुर्दैवाने तीत आरोपीचा बचावही येतोच. माझे तत्त्व खोटे होते काय? नाही. आजही मी मानतो की मरणाचा माल मुक्तपणे विकू देणारे जग शहाणे नव्हे. मग चूक कोठे झाली? त्या अधिकाऱ्यांनी माझे शब्द वाकवले, असे म्हणून पाहिले. परंतु ते शब्द मुळात इतके गुळगुळीत होते की कोणत्याही हातात बसले असते. मी शस्त्राविषयी बोललो आणि ते कोणाच्या हातात आहे, कशासाठी आहे, हे बोललो नाही. मास्तर तेवढेच बोलले होते. पुढे त्यांची दुसऱ्या गावी बदली झाली. त्यांना भेटून हे सांगायचे राहून गेले. आणि याहून खोल, जेथे बचाव संपतो तेथे, मला एवढेच सापडते की त्या संध्याकाळी मला जगाची शांतता हवी होती त्यापेक्षा ते वाक्य अधिक हवे होते.

भाऊंच्या गावाने पुढे डोंगराकडच्या शेतांत ज्वारी पेरणे हळूहळू सोडले. कपाशी लावू लागले. डुकरे कपाशी खात नाहीत. माणसेही खात नाहीत. यंदा मात्र भाऊंनी पुन्हा ज्वारी पेरली. मला विचारले नाही, कळवलेही नाही. पीक कमरेला आले तेव्हा काठी टेकत मलकापुरास आले आणि म्हणाले, "आता मह्यानं धावणं होत नाई. बसल्या जागी बार तं करता येते. पाह्य, तुहं वजन अजून हाये का तिकडं."

आम्ही घाट चढून बुलढाण्याला गेलो. आताचे अधिकारी तरुण, नेमके बोलणारे. यावेळी मी सर्व सांगितले: रीत, नियम, माणसांची अदलाबदल. ते मन लावून ऐकत होते. मग त्यांनी जुनी कागदपत्रे उघडली. हा ठराव आपला आहे, ते म्हणाले, आणि परवाना पुन्हा दिला तर मला वरिष्ठांना उत्तर द्यावे लागेल. ते मत चुकीचे होते असे आपण लिहून द्याल काय? मी म्हणालो, तो ठराव मोठ्या व्यापाऱ्यांविषयी होता, या गावाविषयी नव्हता. ते म्हणाले की तसे त्यात लिहिलेले नाही. खरेच लिहिलेले नव्हते.

मी खिडकीतून पाहिले. बाहेर कडुलिंबाखाली भाऊ आखडलेला पाय लांब करून बसले होते आणि एका पट्टेवाल्याला काहीतरी सांगून हसवत होते. मी लेखणी घेतली. माझे पूर्वीचे मत चुकीचे होते, असे स्वच्छ अक्षरात लिहिले आणि सही केली. ते खोटे होते. एकदा मी खरे बोललो आणि भाऊंचा पाय गेला. आता खोटे लिहिले आणि परवाना मिळाला. यांपैकी कशाचा पश्चात्ताप करावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही, म्हणून मी दोहोंचा करतो.

निघताना भाऊंनी जुनी बंदूक केव्हा मिळेल ते विचारले. जमा झालेली हत्यारे केव्हाच मोडीत निघाली, असे उत्तर आले. परवान्यावर नवी घ्यावी लागेल.

म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही गाडीने अकोल्याला गेलो. हत्यारे विकणाऱ्या परवानाधारक दुकानाची पायरी मी प्रथमच चढलो. दुकान स्वच्छ होते, तेलाचा मंद वास होता, आणि दुकानदार औषधे विकणाऱ्याइतका सौम्य होता. त्याने एक एकनळी काढून भाऊंपुढे ठेवली. नळीच्या मुळाशी युरोपातील एका शहराचे नाव कोरलेले होते; मी ते नाव वर्तमानपत्रांत पुष्कळदा वाचले होते. दुकानदार मोठ्या विश्वासाने मला म्हणाला की ज्या कारखान्यात फौजांच्या रायफली होतात, त्याच कारखान्यातली ही नळी आहे, साहेब, डोळे मिटून घ्या. मी मनाशी जुळवून पाहिले. गावात घडवलेली, गावात दुरुस्त होणारी एक बंदूक माझ्या ठरावाने मोडीत घातली आणि तिच्या जागी त्या कारखानदारांचे एक गिऱ्हाईक वाढवले. जगाच्या शस्त्रव्यापारावर माझ्या हातून झालेला परिणाम तो एवढाच.

भाऊंनी घोडा दोनदा ओढून पाहिला, दस्त्यावरून हात फिरवला. पसंत पडली. मग माझ्याकडे वळून त्यांनी ती पुढे केली.

"धर. भिऊ नको, रिकामी हाये," ते म्हणाले. "हिच्यापायी तुवा सही केली. एकडाव पाह्य तं खरं, कशी हाये थे."

नको म्हणायचे होते. पण त्यांनी ती माझ्या हातावर ठेवलीच. मला वाटले होते त्याहून ती हलकी होती. भाऊंनी सांगितले तसा दस्ता खांद्याशी लावला, गाल टेकला, आणि नळी दाराबाहेरच्या मोकळ्या आभाळाकडे धरली. तिचा तोल फार सुरेख होता. हात आपोआप स्थिर झाला, श्वास आपोआप थांबला, आणि बाहेरचा रस्ता, दुकानदार, भाऊ, सगळे क्षणभर लांब गेले.

मी ती लगेच परत दिली नाही.